स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत मेंदूच्या जाळ्याची ‘एफिशियन्सी’ जास्त दिसतेय. विश्लेषणात चूक कुठे असेल?

भाट्ये_किनारा (रत्नागिरी)

नमस्कार. एमएस्सी संख्याशास्त्राचा प्रकल्प आहे. विषय: स्किझोफ्रेनियात मेंदूच्या भागांमधले परस्परसंबंध कसे बदलतात. स्वतः स्कॅन गोळा केलेले नाहीत, सर्वांसाठी खुला असलेला कोब्रे हा डेटासेट घेतलाय. ७२ रुग्ण, ७५ निरोगी, वयं १८ ते ६५. ३ टेस्लाचं मशीन, विश्रांती अवस्थेतला एफएमआरआय (काही न करता पडून असताना मेंदूतल्या घडामोडी टिपणारा स्कॅन), दर २ सेकंदांना एक व्हॉल्यूम (अख्ख्या मेंदूची एक प्रतिमा), एकूण १५० व्हॉल्यूम. म्हणजे माणशी ५ मिनिटं.

आतापर्यंत केलेलं असं: एफएमआरआयप्रेप या सॉफ्टवेअरने पूर्वप्रक्रिया, मग नायलर्न या पायथनच्या लायब्ररीमध्ये शेफरचा मेंदूच्या २०० भागांचा नकाशा, म्हणजे अ‍ॅटलस लावून प्रत्येक भागाचा सिग्नल काढला. ३६ कन्फाउंड (डोक्याच्या हालचालीसारखे नको असलेले सिग्नल) वजा केले, ०.०१ ते ०.०८ हर्ट्झचा बँडपास (फक्त तेवढा पट्टा ठेवणारा फिल्टर) लावला. पिअरसन सहसंबंध, फिशरचं झेड रूपांतर. प्रत्येकाच्या मॅट्रिक्समधले सर्वांत बळकट १० टक्के दुवे ठेवून बाकीचे शून्य केले आणि उरलेल्या ०-१ च्या जाळ्यावर ग्लोबल एफिशियन्सी आणि क्लस्टरिंग मोजलं.

रुग्णांच्या गटात एफिशियन्सी जास्त येते आणि क्लस्टरिंग कमी. फ्रिस्टन आणि फ्रिथ यांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘डिस्कनेक्शन’ची (या आजारात मेंदूच्या भागांमधले दुवे बिघडतात, ही) कल्पना वाचून मी नेमकं उलट अपेक्षित धरलं होतं. गाइड म्हणतात, आलंय ते लिही. पण ‘रुग्णांचा मेंदू जास्त कार्यक्षम’ असं वाक्य लिहायला हात धजत नाही.

आणखी दोन गोष्टी. यूसीएलएच्या सीएनपी डेटासेटवर (५० रुग्ण, १३० निरोगी) हेच पुन्हा करून पाहायचं आहे. लॅपटॉप १६ जीबीचा आहे आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. शिवाय ‘मशीन लर्निंगने रुग्ण ओळखता येतो का’ हा भाग घालावा असं सुचवलं गेलंय. घालावा का?

---

वाशिष्ठी (चिपळूण)

हात धजत नाही ते बरोबरच आहे. तुमचा निष्कर्ष बहुधा ‘सर्वांत बळकट १० टक्के’ या एका निवडीतून आलाय.

हर्णै बंदरावर दोन होड्यांचा माल उतरलाय असं धरा, प्रत्येकी १०० बांगडे. पहिलीतले भरलेले, दुसरीतले एकूणच बारीक. दोन्ही टोपल्यांतून सर्वांत मोठे दहा-दहा निवडले, तर संख्या सारखी होते आणि तुलना न्याय्य वाटते. पण पहिल्या टोपलीतला दहावा मासाही तळहातभर असतो. दुसरीतला दहावा आणि अकरावा यांच्यात फरकच नसतो, कुठला आत येतो आणि कुठला बाहेर राहतो हा नशिबाचा भाग.

दुव्यांचंही तसंच होतं. २०० नोड (जाळ्यातले बिंदू, इथे मेंदूचे भाग) म्हणजे १९,९०० दुवे, त्यातले १० टक्के म्हणजे १,९९०. ज्याचे सहसंबंध एकूणच कमकुवत आहेत त्याच्या जाळ्यात शेवटचे काही शे दुवे निव्वळ नॉइजमधून भरले जातात, आणि नॉइजमधून आलेला दुवा कुठूनही कुठेही जातो. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ–धोपावे फेरीबोट मिळाली तर चिपळूणचा वळसा वाचतो. जाळ्यात असे आडवे दुवे थोडे जरी पडले तरी सरासरी अंतर झपाट्याने घटतं. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं होतं. ग्लोबल एफिशियन्सी म्हणजे प्रत्येक जोडीतल्या सर्वांत कमी अंतराच्या व्यस्ताची सरासरी, म्हणून ती वाढते. एकाच नोडचे शेजारी एकमेकांशी जोडलेले नसल्याने क्लस्टरिंग घटतं. एफिशियन्सी जास्त आणि क्लस्टरिंग कमी ही जोडी दिसली की आधी ‘जाळं यादृच्छिकतेकडे सरकलंय’ असं वाचा. तुमच्या नकाशावरच्या पुष्कळ फेरीबोटी प्रत्यक्षात सुटतच नसतील. व्हॅन डेन ह्यूवेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याच सापळ्यावर स्वतंत्र लेख लिहिलाय: रुग्ण आणि निरोगी यांच्या एकूण सहसंबंधाच्या पातळीत फरक असेल तर टक्केवारीचा थ्रेशोल्ड (दुवे ठेवण्याची मर्यादा) त्या फरकाचं रूपांतर रचनेतल्या फरकात करतो.

तपासायला अर्धा तास लागेल. प्रत्येकाच्या मॅट्रिक्सच्या वरच्या त्रिकोणातल्या १९,९०० झेड मूल्यांची सरासरी काढा. शिवाय जाळ्यात शेवटी आत आलेल्या, म्हणजे १,९९० व्या दुव्याचं मूल्य लिहून ठेवा. दोन्हींची गटवार तुलना करा. मग आडव्या अक्षावर ती सरासरी आणि उभ्या अक्षावर एफिशियन्सी घेऊन सगळ्या १४७ जणांचे ठिपके काढा. ठिपके एका उतरत्या रेषेवर बसले, तर तुमचं माप एकूण पातळीच वेगळ्या नावाने मोजतंय.

‘मग ठरावीक मूल्य घेते, ०.३ च्या वरचे सगळे दुवे,’ असं मनात येईल. त्याने खड्डा दुसऱ्या बाजूला पडतो. आता दुव्यांची संख्याच गटागटात वेगळी, आणि दुवे जास्त असले की एफिशियन्सी आपोआप जास्त. निष्कर्ष उलटा फिरेल, आणि तोही तितकाच पोकळ असेल.

मी असं करेन. मुख्य विश्लेषणात थ्रेशोल्ड नकोच. प्रत्येक नोडच्या दुव्यांची सरासरी ताकद आणि दुवानिहाय तुलना, एवढं ठेवा. ग्राफची मापं हवीतच असतील तर ५ ते ३० टक्के घनतेपर्यंत एकेक टक्क्याने मोजा आणि पूर्ण वक्र दाखवा. प्रत्येक घनतेला तुलना यादृच्छिक जाळ्याशी करा: डिग्री (प्रत्येक नोडला असलेल्या दुव्यांची संख्या) तशीच ठेवून दुव्यांची अदलाबदल, दर दुव्यामागे साधारण १० वेळा, अशी किमान १०० जाळी. इथेही एक मेख आहे. सहसंबंधाच्या मॅट्रिक्समध्ये क्लस्टरिंग अंगभूतच जास्त असतं, कारण अ आणि ब, ब आणि क जुळले की अ आणि क काही प्रमाणात जुळणारच. दुवे अदलून केलेल्या जाळ्यात ते नसतं. म्हणून ‘स्मॉल वर्ल्ड’चा (क्लस्टरिंग जास्त आणि तरी अंतरं कमी, याचा) आकडा फुगलेला येतो. आकडा छापा, त्यावर इमारत उभारू नका.

सरासरी सहसंबंध कोव्हेरिएट (ज्याचा परिणाम मॉडेलमध्ये वेगळा काढला जातो असा जादा घटक) म्हणून घालायचा का? घालून आणि न घालता, दोन्ही द्या. एकूण पातळी खाली येणं हाच आजाराचा परिणाम असू शकतो. तो वजा करून टाकला तर अंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही फेकलं.

---

कर्ली_खाडी (मालवण)

वाशिष्ठींच्या म्हणण्यात एक दुरुस्ती आणि त्याआधीची एक मोठी गोष्ट.

दुरुस्ती: ३६ कन्फाउंडमध्ये ग्लोबल सिग्नल (अख्ख्या मेंदूचा सरासरी सिग्नल) असतो (हालचालीचे ६, पांढरा भाग, द्रव आणि ग्लोबल मिळून ९, त्यांचे डेरिव्हेटिव्ह धरून १८, सगळ्यांचे वर्ग धरून ३६). ग्लोबल सिग्नल वजा केला की सहसंबंधांची सरासरी शून्याजवळ ओढली जाते, मग ‘एकूण पातळी’ची तुलना बोलकी राहत नाही. ती तपासणी ग्लोबल सिग्नल न काढता करा. स्किझोफ्रेनियात हा सिग्नलच बदललेला असतो असं २०१४ पासून दाखवलं गेलंय, त्यामुळे तो काढणं हा नुसता सफाईचा निर्णय नाही. दोन्ही रीतींनी करून शेजारी शेजारी ठेवा.

आता मोठी गोष्ट. तुमच्याकडे डिग्रीज ऑफ फ्रीडम (स्वतंत्र माहितीच्या मात्रा) जवळजवळ संपल्यात. गणित मांडून बघा. १५० व्हॉल्यूम गुणिले २ सेकंद म्हणजे ३०० सेकंद, म्हणजे दोन वारंवारतांमधलं अंतर १/३०० हर्ट्झ. ०.०१ ते ०.०८ या पट्ट्याची रुंदी ०.०७ हर्ट्झ, त्यात बसतात २१ वारंवारता. प्रत्येकीचा साइन आणि कोसाइन धरून ४२ मात्रा. त्यातून ३६ कन्फाउंड गेले की उरतात ६. दीडशे ओळींची फाइल दिसते, पण स्वतंत्र माहिती सहा ओळींची. इतक्या कमी माहितीत पूर्णपणे असंबंधित दोन सिग्नलही योगायोगाने ०.७ च्या आसपास सहसंबंध दाखवू शकतात. त्यातून निवडलेले ‘बळकट’ १० टक्के दुवे म्हणजे वाशिष्ठींचे ते बारीक बांगडेच.

उपाय दोन. एक तर लोपास (वरच्या वारंवारता काढणारा फिल्टर) सोडा, फक्त ०.०१ चा हायपास (खालच्या काढणारा) ठेवा: हायपासने सुमारे ६ मात्रा जातात, ३६ कन्फाउंडनंतरही शंभराच्या वर उरतात. किंवा ०.०१ ते ०.१ चा पट्टा ठेवा (५४ मात्रा) आणि कन्फाउंड ९ वर आणा, म्हणजे ४५ उरतील. पाच मिनिटांच्या स्कॅनसाठी मी पहिला मार्ग घेईन. मात्र फिल्टर दोनदा लागू देऊ नका. एफएमआरआयप्रेपच्या फाइलीतले कोसाइनचे रकाने घेतले असतील तर तो १२८ सेकंदांचा हायपासच आहे, मग नायलर्नमध्ये वेगळा हायपास द्यायचा नाही. फिल्टर आणि कन्फाउंड एकाच फंक्शनमध्ये द्या. आधी फिल्टर करून नंतर कच्चे कन्फाउंड वजा केले, तर काढून टाकलेल्या वारंवारता परत आत येतात.

डोक्याची हालचाल. फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंटचा (एका व्हॉल्यूमपासून पुढच्यापर्यंत डोकं किती सरकलं, याचा) रकाना उघडा, प्रत्येकाची सरासरी काढा, गटांची तुलना करा. रुग्णांत ती बहुतेक वेळा जास्त असते. पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी हालचालीनेही जवळजवळच्या भागांतले सहसंबंध खोटे वाढतात आणि लांबचे घटतात. हा नमुना ‘डिस्कनेक्शन’सारखाच दिसतो, म्हणून या विषयात तो सर्वांत घातक. ०.५ मिमीच्या वरच्या फ्रेम गाळा, आणि गाळून ४ मिनिटं, म्हणजे १२० व्हॉल्यूम, उरत नसतील तर ती व्यक्ती वगळा. दोन्ही गटांतून किती वगळले ते लिहा. एकाच गटातून खूप गेले तर उरलेले रुग्ण सौम्य आजाराचे असण्याची शक्यता असते. वर फ्रेम गाळल्या की मात्राही घटतात, म्हणजे जास्त हलणाऱ्याचं जाळं जास्त नॉइजी. इथून सरळ रस्ता तुमच्या ‘वाढलेल्या एफिशियन्सी’कडे जातो.

सफाई पुरेशी झाली का हे कळायला: प्रत्येक दुव्यासाठी, सगळ्या लोकांवर, सरासरी हालचाल आणि दुव्याची ताकद यांचा सहसंबंध काढा. मग तो त्या दोन भागांमधल्या मिलिमीटरमधल्या अंतरासमोर मांडा. ढग सपाट आणि शून्याभोवती हवा. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली झुकलेला असेल तर हालचाल अजून आत आहे.

आणि अ‍ॅटलस. शेफरमध्ये फक्त कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आहे, थॅलॅमस (खोल मध्यभागातलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) नाहीच! स्किझोफ्रेनियात सर्वांत जास्त वेळा पुन्हा पुन्हा सापडलेला बदल तोच: थॅलॅमस आणि प्रीफ्रंटल (कपाळामागचा) भाग यांचा दुवा कमी, थॅलॅमस आणि संवेदी-चालक भाग यांचा जास्त. तुम्ही निवडलेल्या नकाशात तो दिसूच शकत नाही. मेलबर्नचा सबकॉर्टिकल अ‍ॅटलस (टियान, २०२०) पहिल्या पातळीवर १६ भाग देतो, तो जोडा. २१६ नोड, २३,२२० दुवे होतील. थॅलॅमसच्या बारीक केंद्रकांच्या मागे लागू नका, ३ × ३ × ४ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेच्या ठोकळ्यांमध्ये) ते नीट सुटत नाहीत.

नकाशा आणि प्रतिमा एकाच साच्यात (प्रमाण मेंदूच्या आकारात) आहेत ना, हेही बघा. एफएमआरआयप्रेप आपोआप २००९ सी साच्यात प्रतिमा देतो, नायलर्नमधला शेफर एफएसएलच्या साच्यात असतो. दोन्ही ‘एमएनआय’च म्हणवतात, पण कडेच्या पार्सलमध्ये (नकाशातल्या भागांमध्ये) काही मिलिमीटरचा फरक पडतो. आउटपुट स्पेसमध्ये एनलिन-६ मागा. एखाद्याचे २०० ऐवजी १९८ रकाने आले तर घाबरू नका. कपाळामागे आणि टेम्पोरल टोकाला हवेच्या पोकळ्यांमुळे सिग्नल गळतो, तिथली पार्सल रिकामी राहतात. पण क्रमांक न जुळवता मॅट्रिक्स एकावर एक ठेवले तर पुढचे सगळे रकाने सरकतील, आणि कुठलाही एरर न येता निकाल चुकेल.

---

आगरवाट (मानसोपचार, सिंधुदुर्ग)

गणित वरच्यांनी सांगितलं आहे. रुग्णाच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

हालचाल जास्त का, याचं एक कारण आजारात नसून औषधात असतं. काही अँटिसायकोटिक औषधांनी अकॅथिसिया होतो. रुग्णाला आतून तळमळ होते, पाय एका जागी ठेववत नाहीत. अशा माणसाला अरुंद नळीत पाच मिनिटं निश्चल पडायला सांगितलेलं असतं. क्लोझापिन या औषधाने नाडी वाढते, आणि नाडीची लय एफएमआरआयच्या सिग्नलमध्ये उतरते. तंबाखूचं प्रमाणही रुग्णांत जास्त असतं, निकोटिनचा परिणाम याच जाळ्यांवर होतो. स्कॅनमध्ये डुलकी लागली तरी थॅलॅमस आणि कॉर्टेक्समधले संबंध बदलतात. म्हणजे ‘रुग्ण वजा निरोगी’ या फरकात आजार, औषध, तंबाखू, झोप आणि आजाराची वर्षं सगळं एकत्र आहे.

औषधाचा डोस क्लोरप्रोमॅझिनच्या तुल्य मिलिग्रॅममध्ये आणतात. तो दोन गटांच्या तुलनेत कोव्हेरिएट म्हणून टाकू नका. निरोगी गटात तो सगळ्यांचा शून्य असतो, त्यामुळे डोस आणि निदान जवळपास एकच रकाना होतात आणि मॉडेल त्यांना वेगळं करू शकत नाही. डोसचा प्रश्न फक्त रुग्णांच्या गटात तपासा. लक्षणांच्या तीव्रतेचंही तेच. पॅन्स ही ३० मुद्द्यांची मापनश्रेणी आहे, प्रत्येक मुद्द्याला १ ते ७ गुण, एकूण ३० ते २१०. एकूण बेरीज वापरू नका. पॉझिटिव्ह ७, निगेटिव्ह ७ आणि सर्वसाधारण १६ मुद्दे वेगळे ठेवा. भास जास्त असलेला रुग्ण आणि बोलणं-मिसळणं थांबलेला रुग्ण यांची बेरीज सारखी येऊ शकते, त्यांच्या मेंदूचा प्रश्न सारखा नसतो.

मशीन लर्निंगबद्दल. ‘रुग्ण ओळखणे’ हे शीर्षक देऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेनुसार हे निदान मुलाखतीतून होतं: पाचपैकी किमान दोन प्रमुख लक्षणं महिनाभर, त्यात भ्रम, भास किंवा विस्कळीत बोलणं यापैकी एक तरी हवंच, आणि एकूण त्रास किमान सहा महिने. एमआरआय सांगितला जातो तो गाठ किंवा दुसरा मेंदूविकार नाही ना, हे पाहायला. आपल्याकडे गावातून माणसं उसनवारी करून एमआरआय काढून आणतात आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे आजार नाही, बाहेरचं काहीतरी आहे’ असा अर्थ लावून औषध बंद करतात. मराठीत लिहिलेला तुमचा सारांश असं कुटुंब वाचू शकतं. गटाच्या सरासरीतला फरक एका माणसाच्या स्कॅनवर ओळखता येत नाही, हे सारांशाच्या पहिल्या परिच्छेदात यावं. सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, आणि रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय तुमच्याच शहरात आहे हेही.

‘एफिशियन्सी’चं भाषांतर ‘कार्यक्षमता’ करू नका. ते अंतरांच्या व्यस्तांचं सरासरी माप आहे. त्याचा माणसाच्या काम करण्याच्या ताकदीशी संबंध नाही, आणि वाचणारा मात्र तोच लावणार.

---

हर्णै_दीप (दापोली)

लॅपटॉप आणि वीज, एवढंच सांगतो.

सीएनपीची पूर्वप्रक्रिया स्वतः करायची गरज नाही. ओपनन्यूरो या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर डीएस-०००-०३० या क्रमांकाने तो डेटासेट आहे, आणि एफएमआरआयप्रेपमधून काढलेली त्याची आवृत्तीही खुली आहे. फक्त ती जुन्या एफएमआरआयप्रेपची, म्हणून कन्फाउंडच्या रकान्यांची नावं वेगळी आहेत. तुमचा कोड नाव न सापडल्यामुळे थांबला तर बरं. रकाना गुपचूप वगळून पुढे गेला तर वाईट. म्हणून वापरलेल्या रकान्यांची यादी प्रत्येक व्यक्तीमागे छापून घ्या.

तरी स्वतःच चालवणार असाल तर एका वेळी एकच व्यक्ती. वर्किंग डिरेक्टरी ठरावीक ठेवा, दरवेळी नवी नको. वीज गेल्यावर तीच डिरेक्टरी देऊन चालवलं की पूर्ण झालेले टप्पे पुन्हा होत नाहीत. अर्धवट लिहिली गेलेली दाबलेली फाइल मात्र अडकवते: ‘फाइल अचानक संपली’ अशा अर्थाचा एरर आला की त्या टप्प्याचा फोल्डर उडवा आणि पुन्हा चालवा. एफएमआरआयप्रेप आतून चालवतो त्या फ्रीसर्फरचं (कॉर्टेक्सचा पृष्ठभाग काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं) वेगळंच असतं. तो काम सुरू करताना त्या व्यक्तीच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ‘इजरनिंग’ नावाची फाइल ठेवतो आणि संपल्यावर काढतो. वीज गेली की ती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो ‘हे काम आधीच चालू आहे’ म्हणून हटून बसतो. ती फाइल हाताने काढा. पृष्ठभागावरचं विश्लेषण करायचं नसेल तर फ्रीसर्फर बंदच ठेवा, माणशी कित्येक तास वाचतात. व्यक्ती पूर्ण झाली, रिपोर्ट डोळ्यांनी पाहिला, की तिची वर्किंग डिरेक्टरी पुसा. नाहीतर हार्ड डिस्क आधी भरेल, पावसाळा नंतर संपेल.

---

भाट्ये_किनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा मात्रांचं गणित स्वतः मांडून पाहिलं, खरंच तेवढंच उरतं. ते रकाने कधी मोजलेच नव्हते.

दोन शंका. कोब्रे आणि सीएनपी एकत्र करून ३२७ जणांवर काम करू का? कॉम्बॅट वापरून मशीनचा फरक काढता येतो असं वाचलंय. आणि २३,२२० दुव्यांची तुलना करताना बॉनफेरोनीने (अनेक चाचण्यांसाठीच्या कडक दुरुस्तीने) तर काहीच उरणार नाही, मग काय वापरू?

---

वाशिष्ठी

एकत्र करू नका. कोब्रेवर शोधा आणि सीएनपीवर पडताळा, वेगवेगळे ठेवून. एका ठिकाणी सापडलेली दिशा दुसरीकडे, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या लोकांत टिकली, तर ती ३२७ जणांच्या एका पी-मूल्यापेक्षा मोलाची.

सीएनपीमध्येही दोन मशीन आहेत. सहभागींच्या फाइलीत स्कॅनर सिरियल नंबरचा रकाना आहे. निदान आणि स्कॅनर यांचा दोन-बाय-दोन तक्ता आधी काढा. रुग्ण एका मशीनवर आणि निरोगी बहुतेक दुसऱ्यावर असतील, तर कॉम्बॅट काय किंवा दुसरं काय, कुठलंही सूत्र ते दोन धागे सोडवू शकत नाही. तिथे निरोगी लोकही त्याच मशीनवरचे घ्या आणि लहान नमुना पत्करा. त्याच फाइलीत घोस्टिंगचा रकाना आहे. टी-वन (मेंदूची रचना दाखवणाऱ्या) प्रतिमांवर सावली पडलेले लोक तिथे नोंदवलेत, ते बाजूला ठेवा. द्विध्रुवी आणि एडीएचडीचे गट त्याच डेटासेटमध्ये आहेत, ते निरोगी गटात मिसळले नाहीत ना, हेही.

दुवानिहाय तुलनेला नेटवर्क बेस्ड स्टॅटिस्टिक घ्या (झालेस्की, फोर्निटो, बुलमोर, २०१०). निदान, वय, लिंग आणि सरासरी हालचाल घालून प्रत्येक दुव्याचा टी काढा, टी ३.० च्या वरचे दुवे ठेवा, एकमेकांना जोडलेला सर्वांत मोठा घटक किती दुव्यांचा ते मोजा, मग गटांची लेबलं ५,००० वेळा मिसळून योगायोगाने किती मोठा घटक मिळतो ते पाहा. ३.० हा आकडा तुम्ही निवडलेला आहे, म्हणून ३.५ लाही करून दाखवा. आणि निष्कर्ष संपूर्ण घटकाबद्दल लिहा. त्यातला अमुक एक दुवा सिद्ध झाला असं ही पद्धत सांगत नाही. एकेका दुव्याबद्दल बोलायचं असेल तर एफडीआर (खोट्या शोधांचं प्रमाण आटोक्यात ठेवणारी, बॉनफेरोनीपेक्षा सैल दुरुस्ती). थॅलॅमसचं गृहीतक मात्र आधीच हातात आहे, ते २३,२२० मध्ये बुडवू नका. थॅलॅमस–प्रीफ्रंटल आणि थॅलॅमस–चालक अशा दोन सरासऱ्या काढा, दोनच चाचण्या करा, आणि निकाल पाहण्याआधी ते गाइडना लिहून द्या.

मशीन लर्निंगचा भाग घालायचाच असेल तर एका परिच्छेदापुरता. १४७ जणांवर ७० टक्के अचूकता आली तरी तिचा ९५ टक्के विश्वासांतर साधारण उणे-अधिक ७ टक्के असतो, म्हणजे ६३ ते ७७. दुवे निवडणं, कॉम्बॅट, स्केलिंग, सगळं प्रत्येक फोल्डच्या ट्रेनिंग भागातच व्हायला हवं (क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये डेटाचे तुकडे, म्हणजे फोल्ड करून, एक तुकडा तपासणीला बाजूला ठेवतात आणि बाकीच्यांवर मॉडेल शिकवतात). आधी सगळ्या १४७ जणांवर टी-चाचणी करून ‘चांगले’ ५०० दुवे निवडले आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन केलं, तर उत्तरपत्रिका आधीच फुटलेली. ओळखायची सोपी खूण: निदानाची लेबलं अगदी पहिल्या पायरीच्या आधी मिसळा आणि सगळं पुन्हा चालवा. अचूकता ५० च्या आसपास यायला हवी. ६५-७० आली तर गळती आहे.

---

कर्ली_खाडी

एक राहिलं. फिल्टर आणि कन्फाउंड बदलल्यावर जुना निकाल फेकू नका. चार रकान्यांचा तक्ता करा: ग्लोबल सिग्नलसह आणि त्याविना, लोपाससह आणि त्याविना. प्रत्येक रकान्यात उरलेल्या मात्रा, एफिशियन्सीतला गटफरक आणि थॅलॅमसचे दोन फरक. परीक्षकांनी पहिला प्रश्न तिथेच विचारला पाहिजे, आणि उत्तर तक्त्यातच असलं पाहिजे.

कन्फाउंडची फाइल स्वतः वाचत असाल तर डेरिव्हेटिव्हच्या रकान्यांत पहिली ओळ रिकामी असते, तिथे शून्य भरा. ती ओळ काढून टाकली तर सिग्नल १५० ओळींचा आणि कन्फाउंड १४९ ओळींचे होतात. मग कोणीतरी सिग्नलची शेवटची ओळ कापून ते ‘जुळवतो’, आणि प्रत्येक कन्फाउंड दोन सेकंद सरकलेला राहतो.